मदत हवी आहे: मावसबहिणीच्या संगीतात आगीची पोई करू का?

नमस्कार मंडळी,

मावसबहिणीचं लग्न डिसेंबरात आहे, चाकणजवळच्या एका लॉनवर. आदल्या रात्री संगीत. त्यात मी "ते आगीचं काहीतरी" करायचं, असा ठराव माझ्या गैरहजेरीत घरात पास झालाय.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: पोई म्हणजे साखळीच्या टोकाला गोळा. दोन्ही हातांत एकेक धरून अंगाभोवती फिरवायचे. मी तीन वर्षांपूर्वी गोव्यात हरमलच्या किनाऱ्यावर पाहिलं आणि घरी येऊन मोज्यांत टेनिसचे बॉल घालून गच्चीवर सुरू केलं. थ्री बीट वीव्हवर (गोळे अंगाच्या दोन्ही बाजूंना आलटूनपालटून फिरवायचा प्रकार) हात बसेपर्यंत नाकावर इतके फटके खाल्ले की शेजारच्या काकू आईला विचारून गेल्या, घरात सगळं ठीक आहे ना. आगीची पोई गेल्या वर्षापासून करते. आतापर्यंत दहा-बारा वेळाच पेटवलीय, तीही मोकळ्या मैदानात, मैत्रीण ओला टॉवेल घेऊन उभी असताना.

पेटलेला गोळा कानाजवळून जातो तेव्हा फर्र आवाज होतो. मोज्यांच्या पोईत तो नसतो. पहिल्यांदा त्या आवाजानेच लय चुकली आणि साखळी मनगटाला गुंडाळली गेली. झटकून सोडवली, पण डाव्या हातावरची लव साफ झाली. आई दोन दिवस "कोण कोंबडी भाजतंय?" म्हणत होती.

तर अडचणी. गोळे रॉकेलमध्ये बुडवून पेटवतात, आणि आमच्या रेशन दुकानात रॉकेल येणं केव्हाच बंद झालंय. मावसभाऊ म्हणतो, बाइकमधून पेट्रोल काढून देतो, काय फरक पडतो? मी नाही म्हटलं, पण त्याला पटवता येत नाहीये. दुसरं, फोटोसाठी मी स्टेजवरच करावं असं मावशीला वाटतं. स्टेजला पडदे, झालरी, थर्माकोलचा मोर. आणि तिसरं, घागरा. जॉर्जेटचा. करू, की सरळ नाही म्हणू?

रंकाळ्याचा_वारा: घागरा पहिल्यांदा डोक्यातून काढा. जॉर्जेट वितळून कातड्याला चिकटतं. सुती सलवार-कुर्ता, ओढणी नको, केसांना ओलं सुती फडकं. मी शाळेत असताना आखाड्यात मर्दानी खेळ शिकलो, त्यात बनाटी असते. काठीच्या दोन्ही टोकांना चिंध्यांचे बोळे, ते पेटवून फिरवायचे. वस्ताद बोळे रॉकेलमधून काढले की पिळायला लावायचे आणि वर लांब जाऊन झटकायला. न झटकता पेटवलं की थेंब उडतो, आणि तो पेटताच उडतो. एकदा माझा थेंब वस्तादांच्या धोतरावर गेला. पुढचं काही लिहीत नाही.

ऑकलंडची_सून: पोई हा माओरी, म्हणजे इथल्या न्यूझीलंडच्या मूळ लोकांचा शब्द, अर्थ गोळा. त्यांच्या कापा हाकामध्ये, म्हणजे पारंपरिक नाच-गाण्यात, बायका गाण्यावर पोई नाचवतात. पूर्वी गोळे पाणगवताच्या पानांचे करत. माझ्या लेकीच्या शाळेतही शिकवतात. त्यात आग कुठेच नाही, ती बाहेर जोडली गेली. मला विचारशील तर दोन गोळे हातावर आपटून ताल धरतात ते आगीपेक्षा सुरेख वाटतं, पण संगीतात डीजेपुढे ते कोण ऐकणार म्हणा. स्टेजवर एलईडीची पोई कर, दिवे मालवायला लाव.

झालरवाला: माझा मंडपाचाच धंदा, म्हणून स्पष्ट बोलतो. स्टेजवर बिलकूल नको. आमचं कापड कसं पेटतं ते मी गोदामात पाहिलंय, बादली आणेपर्यंत वरची चौकट उघडी पडली होती. २०१७ च्या डिसेंबरात मुंबईत कमला मिलच्या आगीत १४ माणसं गेली, तेव्हापासून लॉनवाले आग म्हटलं की आधी नाहीच म्हणतात. मालकाकडून लेखी घ्या. वर काही नसलेली जागा बघा आणि दोरी बांधून गोल आखा, कारण रात्री नऊनंतर तुमच्या मामालोकांना अंतर कळत नाही. भावाला सांगा, रॉकेलची वाफ ठिणगीने पेटायला रॉकेल ३८ अंशांच्या वर तापावं लागतं, पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांनाही पेटते. म्हणजे गोळा बुडवतानाच डबा हातात पेटेल. डबा रॉकेलचा असला तरी झाकण लावून वीस पावलं लांब.

(धागाकर्ती): सगळ्यांचे आभार. काल लॉनच्या मालकांशी बोलले. पार्किंगच्या बाजूच्या मोकळ्या पट्ट्यात एकच गाणं, तेही जेवणाआधी, असं त्यांनी लिहून दिलंय. एकदा भिजवलेली गोळ्याची वात तीन-चार मिनिटं जळते, तेवढ्यात गाणं होतंच. स्टेजवर एलईडी. मावशी रुसलीय, पण मोर वाचला. भावाला उणे ४० ऐकवलं, तर म्हणाला, "पुण्यात एवढी थंडी कुठेय?"

रॉकेलचं अजून अडलंय. पुण्यात खात्रीचं कुठे मिळेल? आणि मैत्रीण त्या दिवशी गावाला आहे. ओला टॉवेल घेऊन उभं राहायला भाऊ एका पायावर तयार आहे, म्हणूनच दुसरं कोणीतरी हवंय. काम पाच मिनिटांचं, जेवण आमच्याकडे, बासुंदी आहे.