मदत हवी आहे: टर्बो सी सोडून जीसीसीवर जायचंय, लॅबमध्ये काय टाकू?

नमस्कार मंडळी,

तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला सी शिकवते. लॅबमध्ये अजून टर्बो सी हा जुना कंपायलर (कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनवणारं सॉफ्टवेअर) आहे, तेही डॉसबॉक्समध्ये (जुन्या डॉसची नक्कल करणारं सॉफ्टवेअर), कारण ६४ बिटच्या विंडोजवर १६ बिटचे प्रोग्रॅम थेट चालतच नाहीत. नव्या बॅचची प्रॅक्टिकल्स सुरू व्हायच्या आत हे बदलून जीसीसी हा आजचा मोफत कंपायलर आणायचाय.

नुसतं जुनं झालंय म्हणून नव्हे. फॅक्टोरियलचा प्रोग्रॅम घ्या. ७ दिले की ५०४०, बरोबर. ८ दिले की ४०३२० ऐवजी -२५२१६! टर्बो सीत इंट (पूर्णांक ठेवायचा प्रकार) दोन बाइटचा, ३२७६७ च्या पुढचं मावत नाही. मुलं घरी मोबाइलवर तोच प्रोग्रॅम चालवतात, तिथे इंट चार बाइटचा, म्हणून उत्तर बरोबर येतं. मग लॅबमध्ये येऊन बिचारी आपलाच कोड खोडत बसतात. शिकायला सुरुवात करतानाच पोरांचा स्वतःवरचा विश्वास असा डळमळलेला मला बघवत नाही.

लॅबमध्ये विंडोज १०, ४ जीबी रॅम. ॲडमिनचा पासवर्ड देखभालीच्या कंत्राटदाराकडे, तो येईल तेव्हा येईल. इंटरनेट फक्त ऑफिसात, म्हणजे सगळं पेनड्राइव्हवरून.

व्हीएस कोड मी स्वतः वापरते, पण तो नुसता एडिटर. कंपायलर वेगळा आणा, पाथ सेट करा, एक्स्टेन्शन टाका, हे प्रत्येक पीसीवर करणं अवघड आहे. कोडब्लॉक्स (कोड लिहून तिथेच कंपाइल करता येणारं सॉफ्टवेअर) ॲडमिनशिवाय चालेल का?

शिवाय एका मुलीच्या लॅपटॉपवर विंडोजच्या खात्याचं नाव देवनागरीत आहे. तिथे जीसीसी फाइल सापडत नाही म्हणून अडतो. नवीन खातं न काढता काही करता येईल?

आणि बाहेरून येणारे परीक्षक 'व्हॉइड मेन' (मेन फंक्शन लिहायची टर्बो सीतली सवय) आणि 'कोनिओ' (स्क्रीन-कीबोर्डची हेडर फाइल) नसलेला कोड चालवून घेतात का? तुमच्याकडचा अनुभव सांगा.

प्रतिसाद १

मॅडम, कोडब्लॉक्सच घ्या. डाउनलोडच्या पानावर 'मिनजीडब्ल्यू-नोसेटअप' नावाची झिप आहे, तीच घ्या. मिनजीडब्ल्यू म्हणजे विंडोजवर चालणारा जीसीसी; नावात ते नसेल तर कंपायलर येत नाही, बहुतेक जण तिथेच फसतात. डी ड्राइव्हवर उघडा, फोल्डरच्या नावात स्पेस नको. ॲडमिन लागत नाही. कंपायलर दिसला नाही तर सेटिंग्जमध्ये 'टूलचेन एक्झिक्युटेबल्स'मध्ये ऑटो-डिटेक्ट दाबा. एका पीसीवर नीट चाललं की तोच फोल्डर बाकीच्यांवर कॉपी करा.

त्या मुलीचे प्रोग्रॅम सी ड्राइव्हवर इंग्रजी नावाच्या फोल्डरमध्ये ठेवा. तेवढ्याने भागलं नाही तर खात्याच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्समध्ये टेम्प आणि टीएमपी दोन्ही तसल्याच दुसऱ्या फोल्डरकडे वळवा. जीसीसी मधल्या फाइली तिथे लिहितो आणि त्या वाटेत तिचं देवनागरी नाव येतं.

प्रतिसाद २

परीक्षकांचं म्हणाल तर आमच्याकडे प्रॅक्टिकलआधी विभागप्रमुखांच्या सहीने कोणता कंपायलर आहे ते लेखी देतो, कुणी हरकत घेतलेली नाही. 'व्हॉइड मेन'ऐवजी 'इंट मेन' आणि 'रिटर्न ०' पहिल्या जर्नलपासूनच लिहून घ्या. जुन्या जर्नलमधला 'सीएलआरएससीआर' (स्क्रीन पुसणारं फंक्शन) मात्र मिनजीडब्ल्यूच्या कोनिओत नाही, ती ओळ काढायला मुलांना आधीच सांगा. नाहीतर पहिल्या तासाला सगळा वर्ग त्याच एररवर थांबेल.