आभार मानताना मन हजर राहत नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. रोज झोपण्याआधी देवाचे आभार मानते, पण हल्ली ते नुसतं पाठ म्हटल्यासारखं होतं. ओठ हलतात, मन उद्याच्या कामात. एमन्स आणि मॅक्कलो या मानसशास्त्रज्ञांच्या २००३ च्या अभ्यासात एका गटाने आठवड्यातून एकदाच, ज्यांबद्दल कृतज्ञ वाटतं अशा जास्तीत जास्त ५ गोष्टी लिहिल्या, तरी त्यांना आयुष्याबद्दल जास्त समाधान वाटलं. मग रोजचा आग्रह सोडावा का? श्रद्धाच पातळ होईल अशी धास्ती वाटते. त्यात आई आजारी आहे. देवावर विश्वास आहे, तरीही ‘सगळं छान आहे’ असं म्हणवत नाही. अशा काळात तुम्ही नेमके कशाचे आभार मानता? कोणत्या शब्दांत? कृपया सविस्तर सांगा.