१६ जणांची स्नूकरची इन्व्हिटेशनल ठेवतोय, वाइल्ड कार्ड द्यावं का?

इंदुरी_क्यू: नमस्कार मंडळी. आम्ही इंदूरला सुदामा नगरकडच्या एका पार्लरमध्ये खेळतो, टेबलं दोन, पण धड एकच, दुसऱ्याचं कापड मधल्या पॉकेटपाशी पार घासलंय. दरवर्षी जानेवारीत ओपन ठेवतो, पैसे भरेल तो खेळेल, आणि मग पहिले दोन दिवस नुसत्या एकतर्फी मॅचेस होतात, वर चांगले खेळाडू पहिल्याच राउंडला एकमेकांसमोर येऊन घरी जातात. म्हणून यंदा लंडनच्या मास्टर्स स्नूकर स्पर्धेसारखं करायचं ठरलं, वर्षभराच्या निकालांवरून फक्त १६ जणांना बोलवायचं. आता अडचण अशी की आमच्याकडे एक १७ वर्षांचा पोरगा आहे, मागच्या वर्षी बारावीची बोर्डाची परीक्षा म्हणून खेळलाच नाही, त्यामुळे यादीत कुठेच नाही, पण आजच्या घडीला १६ मधल्या निम्म्यांना तरी तो हरवेल. सीनियर लोक म्हणतात नियम म्हणजे नियम. मला मनापासून वाटतं त्याला वाइल्ड कार्ड देऊन, म्हणजे यादीबाहेरून, घ्यावं, पण मग काढू कोणाला? मास्टर्सवाले अशा वेळी काय करतात?

मार्करकाका: बाळा, मास्टर्सला आता नुसती रँकिंग चालते. यूके चॅम्पियनशिप संपली की जागतिक यादीतले पहिले १६, त्यात गतविजेता पहिला सीड (मानांकित) आणि वर्ल्ड चॅम्पियन दुसरा. कोणी आजारी पडला किंवा बाहेर गेला तरच यादीतला पुढचा येतो. २०२३ ला दोन चिनी खेळाडू निलंबित झाले म्हणून इराणचा हुसेन वफाई आत आला आणि आल्या आल्या मार्क सेल्बीला ६-२ ने हरवलं. तेव्हा राखीव नावं आधीच लिहून ठेवा. सामन्याच्या दिवशी सकाळी फोन करत बसलात तर भांडणं होणारच. मी बरीच वर्षं मार्कर (स्कोर धरणारा) होतो, हे डोळ्यांनी बघितलंय.

आणि एक, मास्टर्सचे पॉइंट रँकिंगमध्ये धरत नाहीत, तरी तिथे हरलं की खेळाडूंना जिव्हारी लागतं, कारण १९७५ पासून तिथे बोलावणं येणं हाच मान आहे. तुमच्या १६ जणांना तो मान वाटला पाहिजे, म्हणून यादी भिंतीवर लावा, कोणाला का घेतलं ते सगळ्यांना दिसू दे.

बडोदेकर_सेफ्टी: काकांचं आजच्या नियमाबद्दल बरोबर आहे पण मास्टर्समध्येच १९९० ते २०१० वाइल्ड कार्ड राउंड होता की! आणि कोणालाही न काढता. वाइल्ड कार्डवाल्यांना खालच्या सीडवाल्यांशी आधी एक मॅच खेळावी लागायची, जिंकेल तो मेन ड्रॉमध्ये. २००७ ला चीनचा डिंग जुनहुई असाच आला, १९ वर्षांचा, त्या आधीच्या राउंडमध्येच अँथनी हॅमिल्टनसमोर १४७ चा ब्रेक (एका दमात मिळणारे जास्तीत जास्त पॉइंट) मारला आणि तिथून थेट फायनल. फायनलला वेम्बलीचं पब्लिक त्याच्या विरोधात, समोर इंग्लंडचा रॉनी ओ'सलिव्हन, ९-३ झाल्यावर पोराला वाटलं मॅच संपली, हात मिळवायला निघाला, रडवेला झालेला, आणि रॉनीने त्याला जवळ घेऊन धीर दिला. १०-३ ने हरला. पण पुढे २०११ ला हाच डिंग मास्टर्स जिंकला, हे त्या सीनियर लोकांना नक्की सांगा. तो राउंड नसता तर हे सगळं कुठून बघायला मिळालं असतं?

तुम्ही पण १५ आणि १६ नंबरवाल्यांना दोन पोरांशी खेळवा. त्या दोघांना राग येईल, येऊ दे, जागा राखायची तर टेबलावर राखा.

छप्पनचा_पोहेवाला: भिया कल्पना मस्त आहे पण वेळेचं बघा. १६ जणांच्या नॉकआउटला १५ मॅचेस, दोन वाढल्या की १७. मास्टर्सला एकच टेबल असतं पण आठ दिवस असतात, रोज दोन सेशन, आणि तिथल्या लोकांची फ्रेम (एक डाव) वीस-पंचवीस मिनिटांत उरकते, आपल्याकडे सेफ्टी (बॉल पॉकेटात न टाकता समोरच्याला अडवणं) चालली की पाऊण तास. मास्टर्ससारख्या बेस्ट ऑफ इलेव्हनचा विचारच सोडा. बेस्ट ऑफ फाइव्ह ठेवा, फायनल बेस्ट ऑफ नाइन, आणि वाइल्ड कार्डच्या दोन मॅचेस आदल्या रविवारी उरकून घ्या. घासलेल्या टेबलावर मात्र एकही मॅच नको, त्या पोराला तर मुळीच नको, पहिल्यांदा बोलावलं आणि टेबल तसं दिलं तर तो हरल्याचं दुःख नाही, फसवल्याचं दुःख घेऊन घरी जाईल.

रेस्ट_दे_जरा: दुसरं वाइल्ड कार्ड एका मुलीला द्या ना प्लीज. आपल्या इंदूरचीच अमी कमानी नॅशनल चॅम्पियन झालीये आणि अजून पार्लरमध्ये मुलगी आली की सगळे खेळ थांबवून बघत बसतात. माझी बहीण खेळते, तिला बोलावलं तर ती महिनाभर रात्री प्रॅक्टिस करेल हे मी लिहून देते. स्नूकर आपल्याच मध्य प्रदेशात, जबलपूरला, १८७५ मध्ये फौजेच्या मेसमध्ये सुरू झाला म्हणतात, दीडशे वर्षं झाली, आता तरी टेबल सगळ्यांचं होऊ दे.

मार्करकाका: बडोदेकर, वाइल्ड कार्डचं मी सांगायचंच विसरलो, बरं झालं लिहिलंत. पोरगा फक्त मोठे ब्रेक मारतो की सेफ्टी पण येते? १९७९ ला पेरी मॅन्सने फायनलमध्ये एकही पन्नासचा ब्रेक न मारता ॲलेक्स हिगिन्सला ८-४ ने हरवलं होतं. त्याला सांगा पहिल्या फ्रेमला घाई करू नकोस, व्हाइट बॉल बॉल्क कुशनला (ब्रेक करतो त्या टोकाच्या कडेला) आणून ठेव आणि समोरच्याला विचार करायला लाव.

इंदुरी_क्यू: सगळ्यांचे मनापासून आभार. आज संध्याकाळी सीनियर लोकांना बडोदेकरांची पोस्ट वाचून दाखवली, पंधरा नंबरवाला स्वतःच म्हणाला खेळतो मी पोराशी, मला भीती नाही. सोळावा अजून गप्प आहे. रेस्ट_दे_जरा, तुमच्या बहिणीला दुसरं कार्ड पक्कं, रविवारी दुपारी दोनला घेऊन या, क्यू तिचा स्वतःचा असेल तर तोच आणा, पार्लरमधल्या टिप्स खराब आहेत. काका, त्या दोन मॅचेसला रेफ्री म्हणून याल का? मिसचा (बॉलला लागायचा पुरेसा प्रयत्न केला की नाही याचा) निर्णय द्यायला सगळ्यांना मान्य होईल असा माणूस हवाय.