पाच वर्षं उभी असलेली पद्मिनी चालू केली, आता इंजिन ठोकतंय. उतरवायलाच लागेल का?

देवरुखकर
अण्णांची १९९४ ची प्रीमियर पद्मिनी आहे, पेट्रोल, १०८९ सीसी. लॉकडाऊन लागला तेव्हापासून देवरुखच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. अण्णा होते तोवर दर शनिवारी हँडल घालून इंजिन चार वेळा फिरवून ठेवायचे. ते २०२१ ला गेले, मग कुणी हात लावला नाही.

यंदा गणपतीत मनावर घेतलं. नवी बॅटरी घातली, प्लग साफ केले, टाकीत जे काही जुनं होतं त्यावरच पाच लिटर पेट्रोल ओतलं (हसू नका). तिसऱ्या सेल्फला चालू झाली. आवाज ऐकून आई हातातलं पीठ तसंच घेऊन बाहेर आली.

पहिले तीन दिवस ठीक. चौथ्या दिवशी साखरप्याच्या रस्त्याला फिरवून आणली आणि परत आल्यावर आयडलिंगला खालून जड आवाज, लांबवर कुणी उखळात कांडतंय तसा. थंड असताना कमी, गरम झाल्यावर जास्त. ऑईलचा लाल दिवा गरम इंजिनला लुकलुकतो, जरा रेस दिली की विझतो. ऑईल मात्र भरपूर आहे. पहिल्या दिवशी ऑईल मोजायच्या पट्टीवर दोन खुणांच्या मधोमध होतं, काल बघितलं तर वरच्या खुणेच्याही बोटभर वर. बसलेलं ऑईल सुटून खाली आलं असेल.

इथले मिस्त्री म्हणतात क्रँक, पिष्टन, बोअर सगळं करा. त्यांनी सांगितलेल्या आकड्यात अशीच दुसरी गाडी येईल.

घाटमाथा
सगळे प्रताप इथेनॉलचे. जुन्या गाड्यांना ई-२० (वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल) पचत नाही, नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून ठोकणं) होणारच. टाकी रिकामी करा.

बेल्ट_तुटला
मोठ्या खर्चाआधी फुकटातलं बघा. इंजिन थंड असताना फॅनबेल्ट काढून अर्धा मिनिट चालवा. आवाज गेला तर वॉटर पंपाचं नाहीतर आल्टरनेटरचं बेअरिंग. आमच्याकडे असंच इंजिन उघडायला निघाले होते, निघालं काय तर आल्टरनेटरच्या ब्रॅकेटचा एक बोल्ट ढिला.

दहाचा_पाना
देवरुखकर, गाडी चालू करू नका. बेल्ट काढूनसुद्धा नको. आधी पट्टी काढा आणि वास घ्या.

ऑईल आपोआप वाढत नाही हो. बसलेलं ऑईल पहिल्या तासाभरातच संपमध्ये (इंजिनखालच्या ऑईलच्या भांड्यात) उतरतं, चार दिवसांनी नाही. वाढलं म्हणजे त्यात काहीतरी मिसळतंय. पाणी असेल तर ऑईल चहासारखं दुधी दिसेल, मग हेडगॅस्केटकडे (इंजिनच्या हेडखालच्या सीलकडे) बघायचं. पेट्रोल असेल तर रंगाने कळणार नाही, वासाने कळेल. एक थेंब वर्तमानपत्रावर टाका, शेजारी नव्या ऑईलचा एक टाका आणि दहा मिनिटांनी बघा कुठला जास्त पसरलाय.

माझा संशय एसी पंपावर आहे (गारव्याचा एसी नव्हे, पेट्रोलचा पंप). तुमच्या गाडीत पेट्रोल खेचणारा पंप इंजिनच्या कुशीला बसवलेला असतो आणि कॅमशाफ्ट त्याची दांडी हलवते. आत रबरी पडदा आहे. तो पाच वर्षं कोरडा पडून कडक होतो आणि चालायला लागला की चिरतो. मग पेट्रोल थोडं कार्बोरेटरला जातं, थोडं थेट संपमध्ये. पातळ झालेलं ऑईल गरम झालं की अजून पातळ, बेअरिंगमध्ये टिकत नाही, प्रेशर पडतं, दिवा लुकलुकतो, ठोका ऐकू येतो. तुम्ही सांगितलेलं सगळं ह्यात बसतं. संपमध्ये पेट्रोलची वाफ असते, तेव्हा बिडीवाल्या मिस्त्रींना लांब बसवा.

घाटमाथा, अर्धं बरोबर. इथेनॉलने जुनं रबर खराब होतं, पडदा त्यानेही गेला असेल. पण ई-२० चं ऑक्टेन (नॉकिंग रोखायची ताकद) ९५ आहे, जुन्या साध्या पेट्रोलचं ९१ होतं, म्हणजे त्याने नॉकिंग कमीच व्हायला पाहिजे. शिवाय पेट्रोलचं नॉकिंग चढावर, लोडवर येतं, डब्यात खिळे हलवल्यासारखं बारीक. न्यूट्रलमध्ये उभ्या गाडीत उखळ कांडत नाही. जुनं पेट्रोल काढाच मात्र. कोकणच्या हवेत इथेनॉल पाणी धरतं आणि ते टाकीच्या तळाशी वेगळं बसतं.

ऑईल, फिल्टर आणि पंप बदलल्यावरही ठोका राहिला तरच पुढचं. इंजिन चालू ठेवून रबरी मुठीच्या पक्कडीने एकेका प्लगची वायर काढा आणि तिचं टोक बॉडीला टेकवून धरा. ज्या सिलिंडरची वायर काढल्यावर ठोका दबेल, त्याचं बिगएंड (पिस्टनच्या दांड्याचं क्रँककडचं बेअरिंग) बघायचं. कुठल्याही वायरला फरक पडला नाही आणि आवाज वरून, इंजिनच्या निम्म्या चालीने टिकटिक येत असेल तर टॅपेट, म्हणजे कॅमशाफ्टने हलणारा व्हॉल्व्हचा भाग. कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरते, म्हणून ठोके मोजले तरी कळतं.

देवरुखकर
वास घेतला. काका, पट्टी नाही, अख्खी शेड वास मारतेय.

अण्णांची एक वही होती, प्रत्येक सर्व्हिसला किती ऑईल घातलं त्याची नोंद. शेवटची ८ फेब्रुवारी २०२०. ऑईल सोडून कॅनमध्ये मोजलं तर नोंदीपेक्षा जवळजवळ लिटरभर जास्त निघालं. पंप काढला, पडद्याला कडेने चीर आहे, नख आत जातं. टाकीतून निघालेलं पेट्रोल पिवळट, तळाला गढूळ पाणी. नवा पंप भाऊ नाना पेठेतून आणतोय.

दहाचा_पाना
छान. नवा पंप बसला तरी लगेच चालू करू नका. चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑईल सोडा, रात्रभर राहू द्या. सकाळी प्लगशिवाय हँडलने फिरवा, मग दिवा विझेपर्यंत थोडा थोडा सेल्फ. त्यानंतर प्लग. आणि हे पहिलं ऑईल शंभर किलोमीटरवर टाकून द्यायचं, जीव लावू नका त्याला.

देवरुखकर
आठ दिवसांनी लिहितोय. लाल दिवा गरम इंजिनलाही विझलेला राहतो. उखळ बंद झालं. पण गाडी तापल्यावर रेस सोडताना एक बारीक ठोका अजून आहे, तिसऱ्या प्लगची वायर काढली की जातो.

दहाचा_पाना
तिसऱ्याचं बिगएंड चाटलंय थोडं. संप खालून उतरवून बेअरिंगच्या वाट्या बघता येतील. फक्त वाट्याच गेल्या असतील तर इंजिन गाडीतच ठेवून काम होतं. क्रँकवर नख अडकेल अशी रेघ असेल तर मात्र तुमचे मिस्त्री बरोबर होते. तोवर घाट चढवू नका.

देवरुखकर
नाही चढवत. संप दिवाळीच्या सुट्टीत उतरवतो. आईला फक्त बाजारापर्यंत नेऊन आणतो, तेवढं चालेल ना?

दहाचा_पाना
बाजार सपाटीवर असेल तर.

देवरुखकर
देवरुखात सपाटी कुठली काका. बरं, रिक्षाने नेतो.