संघाचा वेग कोणाचा?

साहसी शर्यतीसाठी, म्हणजे पायी, सायकलवर आणि नावेतून रात्रंदिवस चालणाऱ्या लांब शर्यतीसाठी, वेगवान चौघे निवडले की संघ तयार होतो, असे काही जण म्हणतात; हे मत मला पटत नाही. फिजीत २०१९ साली झालेल्या इको-चॅलेंज या अशाच शर्यतीत, जिथे ताशी आणि नुंगशी मलिक या एव्हरेस्टवीर भगिनी भारतीय संघातून उतरल्या होत्या, सुमारे ६७१ किलोमीटरचे अंतर प्रत्येक संघातील चौघांनी एकत्रच पार करायचे होते. त्यामुळे संघाचा वेग सर्वांत थकलेल्या सदस्याचाच ठरतो. म्हणूनच अनुभवी संघ थकलेल्याचे ओझे वाटून घेतात आणि प्रसंगी लवचीक दोरीने त्याला ओढतात. माझ्या मते सरावातही हेच आधी घोटवावे, विशेषतः रात्री, कारण झोप नसताना मदत मागणेच सर्वांत जड जाते.