'पार्ट टाइममध्ये फी निघते' म्हणणाऱ्यांसाठी

खडूस खारूताई
परवा इथेच 'लेक चालली यूकेला' या धाग्यावर एका ताईंनी सामानाची यादी दिली. कुकर, गोडा मसाला, मेतकूट, थर्मल, उशीचे अभ्रे. इथवर ठीक. पण शेवटची ओळ अशी: 'पार्ट टाइम केलं की फीचा बराचसा भार हलका होतो, पुढे दोन वर्षं व्हिसा असतोच.' त्याला ढीगभर लाइक. तिथेच लिहायला घेतलं, पण प्रतिसाद मारुतीच्या शेपटीसारखा वाढला, म्हणून वेगळा धागा.

मी २०१८ साली एमएससीला आले, आता लीड्सला नोकरी करते. हिशोब ऐका. सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येतं. किमान वेतन १२.७१ पौंड, म्हणजे आठवड्याला २५४. हॉलची खोली लंडनबाहेर आठवड्याला १७० धरा, खाणं-पिणं ५०. उरले तीस-पस्तीस. यातून २२ हजार पौंडांची फी कशी काढायची ते त्या ताईंनी मला शिकवावं. पौंड १२० धरला तर ही २६ लाखांच्या पुढची रक्कम होते. 'उन्हाळ्यात फुल टाइम करेल' असंही कोणी सांगू नका. मास्टर्सवाल्यांचा उन्हाळा डिझर्टेशनचा, म्हणजे प्रबंधाचा असतो, तो सत्रातच धरतात. २० तासच.

आणि शिक्षण संपल्यावर नोकरीसाठी मिळणारा तो दोन वर्षांचा ग्रॅज्युएट व्हिसा? १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना, पीएचडीवाले सोडून, १८ महिनेच. म्हणजे या सप्टेंबरला जाणारी सगळी पोरं त्यातच. त्यानंतर राहायचं तर स्पॉन्सर, म्हणजे व्हिसासाठी हमी देणारी कंपनी हवी आणि वर्षाचा पगार ४१,७०० पौंड, नवशिक्यांना सवलत धरून ३३,४००.

अजून एक, जे यादीत कुणीच लिहीत नाही. प्राध्यापकांना पहिल्या दिवसापासून नावाने हाक मारा. 'सर, सर' करत दाराबाहेर उभे राहिलात तर वर्ष कधी संपलं कळणार नाही.

बोरीबंदर
+१. कुकरबद्दल मात्र असहमत. न्यावा.

मन्या नांदेडकर
खारूताई, राग नको, पण हा धागा म्हणजे स्वतः माडीवर पोचायचं आणि शिडी काढून घ्यायची. तुमच्या वेळी नव्या पदवीधराला २०,८०० पौंडांवर स्पॉन्सरशिप मिळायची ना? तो आकडा बरा गाळलात.

मी २०२२ ला आलो. वडील एसटीत. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती मिळाली म्हणून आलो. तुमच्या हिशोबात शिष्यवृत्ती हा शब्दच नाही. ब्रिटिश सरकारची चेवनिंग नाही, कॉमनवेल्थ नाही. कर्ज काढणारा पुण्याचा मुलगा म्हणजेच विद्यार्थी का? आमच्याकडच्या पोरांनी हे वाचून अर्जच भरला नाही तर त्याला जबाबदार कोण?

बाबासाहेबांची बडोद्याची शिष्यवृत्ती संपली, १९१७ ला लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परत यावं लागलं. १९२० ला पुन्हा गेले, १९२३ ला डीएससी मिळवली. तेव्हाही एखादी खारूताई असतीच 'परवडत नाही हो' म्हणणारी.

खडूस खारूताई
२०,८०० चं बरोबर आहे. पण मला चार महिन्यांत नोकरी शोधायची होती, तेव्हा हा मागाहून मिळणारा व्हिसाच नव्हता. फुकट नाही मिळालं.

आणि बाबासाहेबांचं उदाहरण तुम्ही माझ्याच बाजूचं दिलंत. मधल्या काळात त्यांनी सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत घेतली, मित्राकडून उसने घेतले, आणि मग गेले. तिथे जाऊन दुकानात उभं राहून फी काढू असं म्हणून नाही गेले.

शिष्यवृत्ती राहिली हे मान्य. चेवनिंगवर गेलात तर दोन वर्षं भारतात परतावं लागतं, तेही लिहा मग.

निवृत्त मास्तर
प्राध्यापकांना नावाने हाक मारा, हा सल्ला वाचून हसावं की रडावं कळेना. चौतीस वर्षं शिकवलं. विद्यार्थी घरी आला तर आधी वाकून नमस्कार करायचा. रँग्लर परांजपे १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर, म्हणजे गणितात पहिले झाले, ते काय आपल्या शिक्षकाला 'अरे जॉन' म्हणून झाले? आपले संस्कार विमानतळावर जमा करून जायचे का?

सातारी तिखट
मास्तर, १८९९ मध्ये तिथले इंग्रज तरी कुठे अरे जॉन म्हणत होते?

माझ्या धाकट्या भावाची गोष्ट सांगते. बीईला पहिला. गेला एमएससीला. सुपरवायझर मिळाला मे महिन्यात. आमचा भाऊ वाट बघत बसला, सर बोलावतील. सर कशाला बोलावतायत? तिथे वेळ तुम्ही मागायची असते. पाच आठवडे गेले. मग 'रिस्पेक्टेड सर' करून दोन पानी मेल, त्यात मुद्दा शेवटच्या ओळीत. उत्तर आलं एका ओळीचं, खाली नुसतं पहिलं नाव. आमचा हिरो आणखी आठवडाभर विचार करत बसला की आता पुढच्या मेलला मायना काय लिहू! १८० क्रेडिटमधले ६० त्या डिझर्टेशनचे. मिळाले ५२. पास ५० ला असतो. थोडक्यात वाचला.

निवृत्त मास्तर
यात दोष आदराचा नाही, आळसाचा आहे. आमच्याकडेही वेळ मागूनच भेटत.

सातारी तिखट
माझ्या भावाला आळशी म्हणायचं काम नाही. तुमच्याच पिढीने शिकवलंय त्याला, विचारलं नाही तर बोलायचं नाही म्हणून. वर्गात हात वर केला की 'फार शहाणा झालास का' म्हणणारे कोण होते?

निवृत्त मास्तर
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

बोरीबंदर
मास्तरांनी काय लिहिलं होतं ते मी वाचलंय. 😄

हायलँडचा हणमंत
दोघांचंही थोडं थोडं. मी एडिंबराला पीएचडी करतोय. पहिले सहा महिने मी सुपरवायझरला कुठलीच हाक मारली नाही. ना नाव, ना सर. कॉरिडॉरमध्ये दिसले की वेगात चालत जाऊन समोर उभं राहायचं आणि खाकरायचं. शेवटी तेच म्हणाले, मला अजून राजाने 'सर' केलेलं नाही, तेव्हा नाव घे. तरी नाव घेताना आजीला एकेरीत बोलल्यासारखं वाटतं.

पण नाव घेतलं म्हणजे दोस्ती झाली असं समजू नका. तारीख उलटली की हाच नावाने बोलणारा माणूस गुण कापतो. आजारी पडलात तर तारखेच्या आधी रीतसर अर्ज आणि पुरावा. 'मॅडम, प्लीज'ला किंमत शून्य. उतारा ढापून लिहिला तर चौकशी बसते, तिथेही तुम्हाला नावानेच हाक मारतात, गोड आवाजात.

मन्या नांदेडकर
हणमंतराव +१००. हे खरं शिक्षण आहे आणि ते मला इथेच मिळालं. मी पहिल्या निबंधात संदर्भ न देता दोन परिच्छेद उचलले होते, आमच्या कॉलेजात तसंच चालायचं. ३८ मिळाले. ट्यूटरने तासभर बसवून दाखवलं की तुझं मत कुठे आहे यात? मला कोणी आयुष्यात पहिल्यांदा मत विचारलं. खारूताईंच्या बेरजेत हे कुठल्या रकान्यात येतं?

खडूस खारूताई
येत नाही. बरं. लिहून घेते.

निवृत्त मास्तर
मत आम्हीही विचारायचो. साठ जणांच्या वर्गात आणि विद्यापीठाचा पेपर तोंडावर असताना जमेल तेवढं. तिथे आठवड्याला दहा-बारा तास वर्ग असतात म्हणे. आम्हाला एवढी उसंत दिली असती तर आम्हीही नावाने हाक मारून घेतली असती.

सातारी तिखट
बघा, आलात ना!

निवृत्त मास्तर
आलो नाही. वाटाघाटी करतोय.

हॅरोचे काका
विषय भरकटलाय, म्हणून मीही थोडा भरकटवतो. १९९८ पासून लंडनात आहे. दर सप्टेंबरला मला फोन येतो, 'काका, तुम्ही बाबांच्या मावसभावाचे मित्र ना? गॅरंटर व्हाल का?' घरमालकाला यूकेत राहणारा जामीन लागतो. नसेल तर सहा-सहा महिन्यांचं भाडं आगाऊ मागायचे. मी एकदा झालो. पोरगं भाडं थकवून दुसऱ्या शहरात गेलं, मला अकराशे पौंड बसले, आणि त्याच्या आईने फोन करून मलाच ऐकवलं की पोराकडे लक्ष दिलं नाहीत. तेव्हापासून फक्त जेवायला बोलावतो.

दुसरं, दुसऱ्याच्या खात्यावर सायकलवरून जेवणाचे डबे पोचवणारी पोरं. अहो, विद्यार्थी व्हिसावर स्वतंत्र धंदा चालत नाही, आणि ती ॲपची कामं त्यातच मोडतात. पकडले तर व्हिसा जाईल. तासाचे चार पैसे जास्त म्हणून पंचवीस लाख पणाला लावता?

बोरीबंदर
काका, जेवायला कधी येऊ?

हॅरोचे काका
कौन्सिल टॅक्स भरत असाल तर या. पूर्णवेळ विद्यार्थ्यांना तो माफ असतो, त्यांनी कांदे चिरायचे.

मन्या नांदेडकर
खारूताई, मूळ मुद्द्यावर. मला ग्रॅज्युएट व्हिसा संपता संपता स्पॉन्सर मिळाला. आमच्या बॅचचे नऊ भारतीय होते, दोघांना मिळाला. सात जण परत गेले, त्यातले चौघे अजून हप्ते भरतायत. हे मी आधी लिहिलं नाही कारण तुम्हाला आयतं कोलीत द्यायचं नव्हतं.

खडूस खारूताई
कोलीत घेतलं, पण जाळत नाही. नऊपैकी दोन. आणि यूकेला न्यायला बसलेले कन्सल्टंट त्या दोघांचेच फोटो लावतात. सल्ला फुकट का असतो, तर कमिशन विद्यापीठाकडून येतं. आपल्या पोरांची फी इथल्या मुलांच्या दुप्पट-तिप्पट असते, त्यांना आपण का आवडतो ते उघड आहे.

जाऊ नका असं मी कुठेच म्हटलं नाही, वर जाऊन वाचा. परत यावं लागलं तरी कर्ज भारतातल्या पगारातून फिटेल का, एवढं बघून जा. एक वर्षाची मास्टर्स २०२२ च्या भारत-यूके करारापासून भारतात मान्य आहे, आधी तेही रडगाणं होतं. मात्र डॉक्टर, वकील, इंजिनिअरांच्या परवान्याचं वेगळं बघावं लागतं. आणि लेकीला ६८ मिळाले तर घरच्या ग्रुपवर शोकसभा घेऊ नका, ७० ला तिथे डिस्टिंक्शन असतं.

मन्या नांदेडकर
हे आधी असं लिहिलं असतं तर मी भांडलोच नसतो.

खडूस खारूताई
आधी असं लिहिलं असतं तर तुम्ही वाचलंच नसतं.

आई टेन्शनमध्ये
ती यादीवाली मीच. लाइक मिळाले म्हणून बरं वाटत होतं, आता झोप उडालीय. पार्ट टाइमचं एजंटने सांगितलं होतं, मी तेच लिहिलं. लेकीचं डिपॉझिट भरलंय, कॅस (व्हिसासाठी विद्यापीठाकडून लागणारं प्रवेशाचं पत्र) यायचाय. राहण्याच्या खर्चाचे पैसे माझ्या मोठ्या दिरांच्या खात्यात आहेत, ते दाखवले तर चालतील ना? कुणीतरी न रागावता सांगा.

खडूस खारूताई
ताई, मी त्या ओळीवर चिडले होते, तुमच्यावर नाही. दिरांचं खातं चालणार नाही. मुलीचं स्वतःचं किंवा आई-बाबांचं हवं. तुमचं दाखवलंत तर जन्मदाखला आणि तुमचं संमतीपत्र जोडा. लंडनबाहेर महिन्याला ११७१ पौंड, नऊ महिन्यांचे १०,५३९, आणि फीची उरलेली रक्कम वेगळी. सलग २८ दिवस खात्यात. मधे एक दिवस जरी त्याखाली गेलं तरी मोजणी पहिल्यापासून. स्टेटमेंटची शेवटची तारीख अर्जाच्या आधी ३१ दिवसांच्या आत हवी. व्हिसा फीसोबत आरोग्य अधिभार लागेल, वर्षाला ७७६ पौंड, एक वर्षाच्या कोर्सला व्हिसा जास्त महिन्यांचा असतो म्हणून ११६४ धरा. टीबीची तपासणी विसरू नका, तिची अपॉइंटमेंट जुलैत मिळता मिळत नाही.

आई टेन्शनमध्ये
दिरांना आजच सांगते. एफडी मोडावी लागेल त्यांना, थोडं अवघड बोलणं आहे. कुकर तीन लिटरचा घेतलाय.

हॅरोचे काका
दोन लिटरचा घ्या. आणि लेकीला सांगा, फोडणी देताना दार लावून खिडकी उघडायची. हॉलमधला अलार्म मोहरीला ओळखतो.