मदत हवी आहे: हाडातल्या गाठीच्या दुखण्यावर सुईने करतात ती ट्रीटमेंट (ठाणे / नवी मुंबई)

आई ६६ वर्षांची, आम्ही ऐरोलीला राहतो. ब्रेस्ट कॅन्सर हाडात पसरलाय, उजव्या खुब्याच्या वरच्या हाडात एकच मोठी गाठ आहे आणि सगळं दुखणं तिथेच. रेडिएशनचे ५ डोस होऊन अडीच महिने झाले, थोडे दिवस बरं वाटलं मग परत सुरू. मॉर्फिनच्या गोळ्या चालू आहेत, हाडं मजबूत राहावीत म्हणून झोलेड्रॉनिक ॲसिडचं इंजेक्शनही, पण मॉर्फिन वाढवलं की दिवसभर गुंगी आणि पोट साफ होत नाही. रात्री डाव्या कुशीवर दोन उशा लावून कशीबशी झोपते, रिक्षा स्पीडब्रेकरवरून गेली तरी माझा हात घट्ट आवळते, बघवत नाही हो.

ऑपरेशन नाही म्हणालेत. डॉक्टरांनी आरएफए किंवा क्रायो सुचवलंय, म्हणजे सीटी स्कॅनमध्ये बघत सुई गाठीत घालून ती उष्णतेने जाळायची (आरएफए) किंवा गोठवायची (क्रायो). गाठ नसेच्या (नर्व्हच्या) जवळ आहे म्हणून मला क्रायो बरं वाटतंय, कारण बर्फाचा गोळा सीटीत दिसतो म्हणे, म्हणजे तो नसेपासून लांब ठेवता येईल.

रक्त पातळ करायच्या गोळ्या नाहीत, प्लेटलेट्स नॉर्मल, फ्रॅक्चर नाही. परळपर्यंतचा प्रवास तिला झेपत नाही.

ठाणे, वाशी, खारघर भागात हे नियमित करणारे इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट (स्कॅनमध्ये बघत सुईने उपचार करणारे डॉक्टर) कुठे आहेत? कोणाच्या घरी केलं असेल तर दुखणं किती दिवसांत कमी झालं, सोबत हाडात सिमेंट भरावं लागलं का, आणि एकूण खर्च किती आला?